पुतळाबाईचा घसा

नळाला पाणी आलं की पुतळाबाई न्हाणीघरात शिरायची, आतून कडी लावायची आणि पत्र्याची बादली नळाखाली सरकवून नळ पुरता सोडायची. पाणी धबाधबा वाजायला लागलं की मग ती तोंड उघडायची. आधी नुसती गुणगुण, मग जरा वर, मग आणखी वर. बादली भरत आली की पाण्याचा आवाज दबतो, हे तिला ठाऊक होतं. आवाज दबायच्या आत ती दुसरी बादली लावायची.

बाहेरून कान्हा, तिचा नवरा, दारावर बोटं वाजवायचा.

"पुतले, न्हातंस का खाडी भरतंस?"

"आले, आले."

आणि बाहेर आली की तिचा आवाज बदललेला असायचा. वाशीच्या त्या इमारतीत ती जपून बोलायची. 'आहे', 'नाही', 'मला', असे एकेक शब्द पायरी चाचपत उतरल्यासारखे. घणसोलीला, गावी गेली की तिसराच आवाज निघायचा. फाटका, घोगरा, मधेच खोकला. गळ्याभोवती मफलर, भर मे महिन्यातसुद्धा. कारण अख्ख्या घणसोलीला माहीत होतं की पुतळा धवलारणीचा घसा गेला.

घसा कुठंही गेला नव्हता.

धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. मांडव उभा करायचा तर तिचं गाणं, हळद कांडायची तर तिचं गाणं, नवरीला पाटावर बसवायची तरी आधी तिचाच आवाज. भटजी असला तर असला, धवलारीण पाहिजेच. नवरीची आई तिच्या हातात नारळ-सुपारी देते आणि मग ती सुरू करते. पुतळाने हे सगळं तिच्या चुलतसासूकडून, बायजाबाईकडून उचललं होतं. भात लावता लावता, चिखलात वाकलेली असताना. बायजाबाई पुढे, ही मागे, आणि ओळ चुकली की मागे न बघता पाठीवर चिखलाचा गोळा. पंचविशीत पुतळाची सुपारी तळवली-गोठवलीपर्यंत जायला लागली. माईक नसताना तिचा आवाज वेशीपर्यंत पोचायचा. लोक म्हणायचे, पुतळीनं धवला धरला का खाडीतले होडीवाले वल्हं मारायचं विसरतात.

मग जमिनी गेल्या. नवं शहर येणार म्हणून भातखाचरांवर खांब रोवले गेले. आलेल्या पैशांतून कान्हाने वाशीला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, कारण अरविंदला, त्यांच्या मुलाला, कॉलेज जवळ पडणार होतं. गावातल्या बायका निरोप द्यायला आल्या तेव्हा पुतळाच त्यांची समजूत घालत होती, "मी काय लंकेला चालले काय गो? बसनं या."

इमारतीत राहायला येऊन वर्ष झालं असेल. वरच्या मजल्यावर मालतीबाई राहायच्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि हळद गच्चीवर होती. पुतळाबाई नऊवारी लुगडं नेसून, नथ घालून गेली. बघते तर काय, नवरी पाटावर, बायका हळद लावतायत, हसतायत, आणि गाणं नाही. मुकी हळद! तिच्या गावात मुक्या हळदीला अपशकुन मानायचे. कोणी सुपारी दिली नव्हती, पण शेजारची पोर, तिला मुकी हळद कशी लावू द्यायची? पुतळाबाई मांडी घालून बसली आणि तिने धवला धरला.

मग कोणीतरी खुदकन हसलं. एका पाहुणीने पदर तोंडावर धरून नाकातून तसाच सूर काढला आणि मग गच्चीभर हशा. मालतीबाई म्हणाल्या, "अगं बाई, यांच्यात असं असतं वाटतं!" वाईट मनाने नाही, पण म्हणाल्या. पुतळाबाईला हसण्याची सवय होती, लग्नात लोक हसतातच. ती पुढच्या ओळीवर गेली. तेवढ्यात अरविंद आला. सरबताचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या मित्रांमधून वाट काढत आला, लाल झालेला, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला,

"आई, पुरे. ऊठ."

ती उठली.

महिन्याभराने घणसोलीहून माणसं सुपारी घेऊन आली. पुतळाबाईने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि सुपारी पुढे झाली तसा आपोआप तिचा हात गळ्यावर गेला. "घसा गेला वो," ती कुजबुजली. "डाक्टरनं सांगलाय, गायाचा नाय."

कान्हा खाटेवर बसून ऐकत होता. माणसं गेल्यावर म्हणाला, "तुझा घसा गेला, माझी शेती गेली. घरान ऱ्हायला काय? पंखा."

पण त्याने कोणाला सांगितलं नाही.

*

न्हाणीघरातल्या गाण्याची खबर घराबाहेर एकाच माणसाला होती, आणि हे पुतळाबाईला कळलं १९८३च्या मार्गशीर्षात. पहिल्या मजल्यावर जयमाला राहायच्या. महाडकडच्या, बौद्ध, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. एकट्या असायच्या, चष्मा, खांद्याला पर्स. जिन्यात भेटल्या आणि सरळच म्हणाल्या,

"पुतळाबाई, काल तुम्ही तो मधला तुकडा सोडलात."

"कसला तुकडा?"

"नवरीच्या मामाचा. परवा होता, काल नव्हता. मी चहाचा कप घेऊन न्हाणीघरात उभी राहते ना रोज. तुमचं-आमचं न्हाणीघर एकाखाली एक, आवाज पाइपातून सरळ येतो."

पुतळाबाई भिंतीला टेकली. "वर पन जातो?"

"वर पण जातो. मालतीबाई विचारत होत्या, कोणाचा रेडिओ बिघडलाय का." जयमाला हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "माझी आई जयंतीला गायची. गाव जमायचं ऐकायला. मी नोकरीला लागले आणि दिवसभर 'नंबर प्लीज, नंबर प्लीज'. घरी आले की बोलावंसंच वाटत नाही. तुमचं ऐकलं की बरं वाटतं. नळ मोठा सोडू नका एवढा, शब्द नीट लागत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई नुसतीच न्हाली. तिसऱ्या दिवशी मात्र गायली, आणि नळ थोडा बारीक केला.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. ती न्हाऊन, ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आली, कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडलं आणि समोर जिन्याच्या पायरीवर बयाबाई. बयाबाई म्हणजे तिची घणसोलीची सखी. एका बांधावर भात कापलेल्या, एका टोपलीतून चिंबोऱ्या विकलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत लग्नाच्या अक्षता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पुतळाबाईने झटकन घोगरा आवाज काढला. "बया? तू कवा आयलीस गो? बाहेर कनाला बसलीस?"

"खालची बाय बोलली, वरच्या बाय गातान, गानं सरंपरत दार उघडनार नाय. मना वाटलं, चुकीचे घरी आले." बयाबाई उठली आणि तिने पुतळाबाईचा गळा दोन्ही हातांनी धरला, आंबा पिकलाय का बघावं तसा. "आयला गो! तुझा गला परत आयला! देवीनं ऐकलं माझं!"

"बया, ऐक तरी..."

"तू ऐक! पाच वरसं झाली. मी गावदेवीला बोललेली, माझे पुतलीचा गला परत दे, तवर मी मावरं तोंडान घालनार नाय. जवला नाय, बोंबील नाय, चिंबोरी नाय. सोयऱ्यांचे घरी सगल्यांचे ताटान कोलंबी, माझे ताटान बटाटा! लोक इचारतान, बया, तुलशीची माल घातलीस काय? मी बोलते, हां घातली. सांगनार कसं? नवस सांगला का बाटतो."

आगऱ्याची बाई आणि मासळी सोडलेली! जेवताना जिच्या ताटात काटे मोजायला लागायचे ती बया. हातपाय पहिल्यापेक्षा वाळलेले होते तिचे. पुतळाबाईला वाटलं होतं, वयाने.

बयाबाई बोलतच होती. तिच्या धाकट्या पोरीचं लग्न होतं. बायजाबाई गेल्या भाद्रपदात वारली, गावात आता धवलारीणच नाही. दिवा गावाहून एकीला आणायचं ठरत होतं, आता तिला नको म्हणून कळवते. "हलदीचे दिशी आधी देवलान जाव. तू देवीची ओटी भर, तिचे पुढं एक धवला गा, आन तिथंच मी जवल्याचा पयला घास घेन. सगले गावाला सांगतंय मी!"

"बया, जरा बस..."

"बसतंय कवा? अजून सानपाड्याला अक्षता देवाच्यान!"

आणि गेली. जिन्यावरून तिच्या जोडव्यांचा आवाज खालपर्यंत वाजत गेला. पुतळाबाई डबा हातात घेऊन तशीच उभी.

*

रात्रीच्या जेवणाला तिने ते सगळं सांगितलं. अरविंद आता बँकेत लागला होता. शर्टाच्या खिशाला पेन, बोलणं मोजकं.

"मग बरंच झालं की," तो म्हणाला. "देवीने दिला, विषय संपला."

"देवीनं नाय दिला. गेलाच नव्हता."

"ते तुला माहीत, बाबांना माहीत, मला माहीत. आता उलटून सांगायला कशाला जातेस? लोकांना चमत्कार मिळाला, तुला गायला मिळालं. तू सांगितलंस की फक्त हसं होईल."

"कोनाचं?"

"आपलं. आमचे मॅनेजर येणार आहेत लग्नाला, देवजीमामांचं खातं आहे आमच्याकडे. आणि गायचंच असेल तर, आई, थोडक्यात."

कान्हा भात कालवत होता. त्याने मान वर केली नाही. "मी काय, मी मुका," म्हणाला.

देवजी बयाबाईचा भाऊ, लग्नाचं सगळं तोच बघत होता. पुतळाबाईने भांडी घासली, ओटा पुसला. अरविंदने सांगितलं ते सोपं होतं, ही गोष्ट तिला सगळ्यांत जास्त टोचत होती. मफलर काढायचा आणि गायचं. कोणी बोट दाखवणार नाही. उलट तिची मिरवणूक निघेल. पण मग तो गळा देवीचा व्हायचा आणि बयाने पाच वर्षं एका खोट्यापायी बटाटा खाल्ला हे तिला कधीच कळायचं नाही, असं काहीतरी तिच्या मनात गुंतत होतं. नीट उलगडत नव्हतं. ती खाली गेली आणि जयमालांच्या दाराची कडी वाजवली.

सगळं ऐकून जयमालांनी चष्मा काढून पुसला.

"मी काय सांगू? माझं काम लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं."

"तरी पन."

"दिवसभर कानात माणसं बोलतात माझ्या. खोटं बोलणाऱ्याचा आवाज जरा वर चढतो, बारीक होतो. मला कळतं. तुमचे मी तीन आवाज ऐकलेत, पुतळाबाई. जिन्यातला ऐकलाय, गावाकडचं कोणी आलं की निघतो तो ऐकलाय, आणि पाइपातला. पाइपातला चढत नाही."

*

हळद सकाळीच होती, लग्न संध्याकाळी. घणसोलीत बयाबाईच्या अंगणात मांडव, आंब्याच्या डहाळ्या, खांबाला बांधलेला कर्णा. देवळाकडे बायका निघाल्या तेव्हा चाळीसेक तरी असतील. पुढे बयाबाई, हातात झाकलेलं ताट. जवळा तिने पहाटे स्वतः रांधला होता आणि चाखला नव्हता. शेजारून चालणाऱ्या पुतळाबाईला वास येत होता, लसणीचा, कोकमाचा.

शेंदूर लावलेल्या देवीपुढे पुतळाबाईने खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. बयाबाईने ताटावरचा रुमाल काढला आणि एक घास बोटांत धरून तयार राहिली.

"गा," ती म्हणाली.

पुतळाबाईने गळ्याचा मफलर सोडला. सवयीने तो आजही होता. घडी घातली, आणि वळली. देवीकडे पाठ झाली, बायकांकडे तोंड.

"बया, घास खाली ठेव. मना काय तरी सांगाचाय."

तो आवाज ऐकूनच दोन-चार जणी 'आई गो' म्हणाल्या. पाच वर्षांत तो कोणी ऐकला नव्हता.

"माझा घसा गेलाच नव्हता. मी खोटं बोलले. तिथं वाशीला माझे गान्याला लोक हसले, पोराला लाज वाटली, आन मना पन वाटली. तुमी सुपारी घेऊन आयले तवा मी गला धरला, आन मंग सोडताच येईना. देवीनं काय दिलं नाय. जे व्हतं ते मीच दाबून ठेवलेलं."

मग म्हातारी चांगुणाबाई, जिची जीभ गावात सगळ्यांना ठाऊक, मागून म्हणाली, "मंग आमी जो एरंडाचा पाला बांधाला पाठवला, त्याचा काय केलास गो?"

"फेकला," पुतळाबाई म्हणाली.

एक पोरगी फिसकन हसली. तिला कोणीतरी चिमटा काढला. पण बयाबाई हसली नाही. तिने बोटांतला घास ताटात टाकला.

"पावसाल्यान शेजारनीनं सुकट भाजली का मी दार लावून बसाची," ती सावकाश म्हणाली. "नातवाचे बारशाला बटाटा. बहिनीचे घरी बटाटा. कोनासाठी? जी वाशीला न्हानीघरान गात व्हती तिचेसाठी!" आवाज चिरकला तिचा. "माझेशी तरी बोलाचं व्हतंस गो पुतले. मी काय लोक हाय?"

ती ताट घेऊन निघून गेली. तिच्यामागे बायका. देवळात पुतळाबाई आणि तो मफलर.

तिथून वाशीची बस पकडता आली असती. रस्ता समोरच होता. पुतळाबाई उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आता लपवायला काही उरलंच नाही. बया रागावली होती, गाव नावं ठेवणार होतं, वाशीला कळायचं ते कळणार होतं. सगळं झालंच होतं की. ज्याला घाबरून मफलर गुंडाळला ते सगळं आत्ता, दहा मिनिटांत होऊन गेलं होतं आणि ती अजून उभी होती.

ती मांडवाकडे चालायला लागली.

मांडवात नवरी पाटावर बसलेली, हळदीची वाटी भरलेली, आणि सगळे खोळंबलेले. देवजी घाम पुसत बहिणीला विचारत होता, "अगो, दिव्याचीला तूच नको बोललीस. आता कॅसेट लावू का? सिनेमाची हाय." बयाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. अरविंद कोपऱ्यात, शेजारी सफारीतले मॅनेजर, हातात सरबत.

सुपारी मिळाली नव्हती. मिळण्याचं चिन्हही नव्हतं. मालतीबाईंच्या गच्चीवरही मिळाली नव्हती. पुतळाबाईने पदर खोचला, पाटासमोर मांडी घातली आणि धवला धरला.

*मांडव शिवला आंब्याचे डहाली,*
*हलद आयली गो नवरीचे दारी...*

पहिल्या ओळीला आवाज फाटला. खरोखरच फाटला, इतकी वर्षं कोंडलेला. नवऱ्याकडच्या दोन पोरांनी एकमेकांना कोपर मारलं. दुसरी ओळ जरा सरळ गेली. तिसरीला ती बादली विसरली, चौथीला मांडवाच्या डहाळ्यांवरचे कावळे उडाले.

"आई," अरविंद मागून वाकून म्हणाला, "जरा हळू."

तिने ऐकलं. जसा कर्णेवाल्याचा खोकला ऐकला, जसं कुत्र्याचं भुंकणं ऐकलं, तसंच. आणि पुढची ओळ वरच्या पट्टीत उचलली. अरविंद साहेबांना घेऊन सरबताच्या टेबलाकडे गेला. तो तिच्याकडे बघत नव्हता. न बघो. आज नाही तर उद्या बघेल, नाहीच बघितलं तर भाकरी तर तिच्याच हातची खाईल.

धवल्यात एक जागा येते, जिथे धवलारीण नवरीच्या आईला नावाने हाक मारते, आणि आईने वाटी उचलून पहिली हळद लावायची असते. त्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही. पुतळाबाई तिथवर आली.

*बयाबाय गो, लेक तुझी पाटावरी...*

भिंतीकडची पाठ हलली नाही. पुतळाबाईने ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा म्हटली. घशाला कोरड पडली होती, तरी ती ओळ धरून बसली, होडीची दोरी धरून बसावं तशी.

बयाबाई उठली. नाक पुसत आली, वाटी उचलली, लेकीच्या गालाला हळद लावली. मग कोनाड्यातला नारळ घेतला आणि सुपारीसकट पुतळाबाईच्या मांडीवर असा आदळला की ती कळवळली.

"घे. कामाचं काम. बोलनार नाय मी तुझेशी."

"नको बोलू."

"जल्मान बोलनार नाय."

दुपारी पंगतीत मात्र ती पुतळाबाईच्याच शेजारी बसली. पहाटेचा जवळा समोर घेऊन, भाताचे मोठे मोठे घास करून जेवत होती आणि अखंड बोलत होती. मीठ जास्ती झालंय, हात विसरला माझा, पाच वरसं बटाटा रांधून दुसरं काय व्हनार, आन तू मामाचा तुकडा कनाला घाईत उरकलास, वाढ अजून, तिकडं काय बघतंस. पुतळाबाई वाढत होती.

*

दुसऱ्या दिवशी वाशीला कान्हा खाटेवर विडी शोधत होता. न्हाणीघरातून आवाज आला. तो दचकला, कारण दार सताड उघडं होतं आणि पुतळाबाई आत कालच्या साठवलेल्या पाण्यात कपडे भिजवता भिजवता गात होती.

वरून, पाइपातून, मालतीबाईंचा आवाज आला, "अहो, कोण ते? सकाळी सकाळी?"

"मी, पुतळा!" तिने वर तोंड करून ओरडून सांगितलं आणि पुढची ओळ घेतली. खाली कुठेतरी कपबशी किणकिणली.

कान्हाने डोकं आत घातलं. "पुतले, अगो नलाला पानी कुठं आयलंय अजून?"

"येल तवा येल," ती म्हणाली.